नखावरचा छापा

मनुष्याच्या हातून निर्माण झालेली जी अतिप्राचीन चित्रे आज उपलब्ध आहेत, त्यांत हाताचे पंजे पुष्कळ आढळतात, आणि विशेष असे की त्यांतील अनेक पंजे कोणी रेखाटलेले नाहीत. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर, मारोसच्या परिसरात, लेआंग टिंपुसेंग नावाची गुहा आहे. तेथील एका पंजाचे वय किमान ३९,९०० वर्षे आहे असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. ज्या कोणा अनामिकाचा तो पंजा आहे, त्याने आपला तळहात खडकावर घट्ट टेकविला, त्याच्याभोवती रंग फवारला आणि हात उचलला. रंग सभोवार बसला, हाताखालची जागा तेवढी कोरी राहिली, आणि ती कोरी जागाच चित्र ठरली. छाप्याच्या कलेचे सारे मर्म या एका कृतीत आले आहे. इतर चित्रकलेत रंग कोठे लावावा हा विचार प्रधान असतो. छाप्यात रंग कोठे पोहोचू द्यावयाचा नाही याचा बंदोबस्त प्रधान असतो. हा बंदोबस्त जो नीट करील आणि छापा बसविण्याची व उचलण्याची वेळ जो ओळखील, त्याचा हात चित्रकाराचा नसला तरी त्याचे काम रेखीव उतरते.

त्या गुहेत हात हा छापा होता आणि खडक हा पट होता. आज घरोघरी मुली व स्त्रिया नखांवर स्टेन्सिल ठेवून जी नक्षी काढतात, तीत हाताची नखेच पट झाली आहेत. या प्रकरणात त्या नक्षीचा विचार करावयाचा आहे, आणि तो करताना स्थळ म्हणून रायगड जिल्ह्यातील दासगाव डोळ्यांसमोर ठेवावयाचे आहे. कारण ज्या कलेत रंगाचे वाळणे हीच कसोटी आहे, तिचे नियम ज्या गावी हवा वर्षाचे चार महिने ओलीचिंब असते तेथे जितके स्पष्ट दिसतात, तितके ते कोरड्या मुलखात दिसत नाहीत.

छाप्याचे कूळ

दासगाव हे सावित्री नदीच्या काठी, मुंबई–गोवा महामार्गावर, महाडच्या सुमारे पाच मैल अलीकडे वसलेले गाव. हे एके काळचे बंदर. महाडच्या परिषदेसाठी मुंबईहून जलमार्गाने निघालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी २५ डिसेंबर १९२७ रोजी याच बंदरात उतरून पुढे महाडास गेले होते. ज्या काळी कोकणची वाहतूक गलबतांनी व आगबोटींनी होत असे, त्या काळी व्यापारी आपल्या मालावरचा मार्का पत्र्यात कोरलेल्या साच्यातून उठवीत. आंब्याच्या पेट्यांवर नाव घालण्याची ती रीत पुढेही दीर्घकाळ टिकली. रांगोळीचे सच्छिद्र छापे तर आजही प्रत्येक आठवड्याच्या बाजारात मिळतात. तात्पर्य, स्टेन्सिल हे नाव नवे असले तरी ती हिकमत आपल्या लोकांच्या हातची आहे.

अंगावरील सजावटीतही तिचे मूळ जुने आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांची जी यादी आहे, तीत ‘विशेषकच्छेद्य’ नावाची एक कला येते. भूर्जपत्रादी पाने निरनिराळ्या आकारांत कापून कपाळावरील तिलकासाठी सिद्ध करणे, असा तिचा अर्थ टीकाकाराने दिला आहे. त्याच यादीत दात, वस्त्रे आणि अंग रंगविण्याची कलाही स्वतंत्रपणे मोजलेली आहे. आकार कापणे आणि रंग लावणे हे दोन वेगळे हुन्नर आहेत हे त्या काळच्या रसिकांनी ओळखले होते, आणि नखावरच्या छाप्यात आपण हे दोन्ही हुन्नर एकत्र आणीत असतो.

जपानात इसे प्रांती कापड रंगविण्यासाठी तुतीच्या जातीच्या झाडापासून बनविलेल्या कागदाचे थर एका जातीच्या कच्च्या फळाच्या रसाने चिकटवून, त्या टणक कागदात अतिशय नाजूक छापे कापण्याची परंपरा आहे. तेथील कारागिरांना एक अडचण नित्य येई, आणि ती प्रत्येक छापेकाराला येते. वर्तुळाच्या आत वर्तुळ कापावयाचे असेल, किंवा ‘व’ अक्षर कोरावयाचे असेल, तर आतला बंदिस्त तुकडा कशाच्याच आधाराने राहत नाही आणि गळून पडतो. यावर दोनच उपाय आहेत: तो तुकडा बाहेरच्या भागाशी जोडणारी एखादी बारीक पट्टी न कापता ठेवावी, अथवा जपानी कारागिरांनी केले त्याप्रमाणे छाप्यावर रेशमाचे तंतू ताणून सर्व तुकडे जागच्या जागी धरावेत. नखासाठी वापरावयाचा छापा चिकट असतो ही येथे मोठीच सोय आहे. बंदिस्त तुकडा निराळा चिकटवता येतो, आणि जी नक्षी पत्र्याच्या साच्यास अशक्य तीही नखावर सहज उमटते.

नखाचा पट

नख म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचे घट्ट थर होत. त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. ते मुळाशी तयार होऊन पुढे सरकत राहते, आणि हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, म्हणजे संपूर्ण नख बदलावयास सुमारे सहा महिने लागतात. नखाचा दिसणारा भाग निर्जीव असतो, म्हणून त्यावर रंग लावला असता वेदना नाही; पण ते कोरडे व अभेद्य आहे असा जो समज असतो तो खरा नव्हे. नख पाणी शोषते, शोषल्यावर फुगून मऊ होते, आणि वाळल्यावर पुन्हा आकसते. त्यावर बसलेला रंगाचा थर मात्र तितका फुगत-आकसत नाही, आणि या विसंगतीमुळेच त्याचे कपचे उडतात. आषाढात ज्या हातांनी भाताची लावणी केली, ज्यांचा दिवसच्या दिवस चिखलपाण्यात गेला, त्या हातांच्या नखांवर रंग का टिकत नाही याचे कारण हे आहे. त्यात नेलपॉलिशचा किंवा लावणाऱ्या व्यक्तीचा काही कसूर नाही.

नखाचा दुसरा गुण त्याचा आकार. ते आडवेही वळलेले असते आणि उभेही. आणि सपाट पत्रा अशा दुहेरी वळणाच्या पृष्ठावर सुरकुती न पडता बसूच शकत नाही, हा भूमितीचा नियम आहे. अंगठ्याचे नख रुंदीला सुमारे दीड सेंटिमीटर, तर करंगळीचे त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक. म्हणून नखाचा छापा जितका लहान आणि पातळ, तितका तो चांगला बसतो. संपूर्ण नख झाकणाऱ्या मोठ्या छाप्यापेक्षा नखाच्या टोकाशी किंवा मुळाशी बसणारी अरुंद पट्टी नवशिक्या हाताला अधिक यश देते. बाजारच्या तयार स्टेन्सिलची कड नखाबाहेर येत असेल तर ती कात्रीने बेताने छाटावी, आणि दोन्ही बाजूंस एकेक बारीक काप द्यावा, म्हणजे वळणावर तिची चुणी होत नाही.

रंगाची घटना

आजचे नेलपॉलिश हे मूलतः एक लाखेसारखे चकचकीत रोगण आहे. त्यात नायट्रोसेल्युलोज नावाचा पदार्थ इथिल अॅसिटेट, ब्युटिल अॅसिटेट यांसारख्या लवकर उडून जाणाऱ्या द्रावकांत विरघळविलेला असतो. जोडीला थर लवचिक राहावा म्हणून एखादा मार्दवकारक पदार्थ, नखास चिकटावा म्हणून राळ, रंगद्रव्य, आणि ते रंगद्रव्य तळाशी बसू नये म्हणून एका जातीची चिकणमाती. नायट्रोसेल्युलोजची रोगणे १९२० नंतरच्या दशकात मोटारगाड्यांवर प्रचारात आली आणि त्याच सुमारास ती नखांवरही रुळली. १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या रेव्हलॉन कंपनीने अपारदर्शक, गडद नखरंगांवरच आपला व्यापार उभा केला, आणि आपल्याकडे १९५२ साली टाटांनी लॅक्मे सुरू केल्यावर देशी प्रसाधने सामान्य घरांत पोहोचू लागली.

या घटनेतून दोन गोष्टी निष्पन्न होतात, आणि छाप्याचे काम करणाऱ्याने त्या कायमच्या ध्यानात ठेवाव्या. पहिली अशी की नेलपॉलिश केवळ द्रावक उडून गेल्याने वाळते. म्हणून वाळलेल्या थरावर पुन्हा तेच नेलपॉलिश लावले की नव्या थरातील द्रावक खालच्या थराला विरघळवू लागतो. ब्रश एकाच जागी पुनःपुन्हा फिरविला तर खालचा रंग उखडून वरच्यात मिसळतो तो यामुळेच. दुसरी अशी की पातळ द्रव कोठेही बारीक फट मिळाली की केशाकर्षणाने तीत शिरतो. छाप्याची कड नखावर जेथे किंचित उचललेली असेल तेथे रंग आत ओढला जातो, आणि रेघ फाटते.

दासगावची हवा

महाडच्या परिसरात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक ज्येष्ठाच्या उत्तरार्धापासून भाद्रपदापर्यंत. अशा हवेत नेलपॉलिश लावले असता पुष्कळदा त्याची चकाकी जाऊन त्यावर पांढुरकी झाक येते. द्रावक झपाट्याने उडताना थराचा पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्या थंड पृष्ठावर धरते, आणि त्या पाण्याने नायट्रोसेल्युलोज दुधट होऊन साकळते. ही झाक बाटली जुनी असल्याचे लक्षण नव्हे; तो हवेचा परिणाम होय. यास उपाय असे: थर अतिशय पातळ द्यावा, पंखा नखांसमोर जोराने सोडू नये, कारण त्याने पृष्ठ आणखी थंड होते, आणि काम भर दुपारी, पाऊस उघडला असताना, कोरड्या खोलीत करावे.

येथेच ऋतूचा हिशेब येतो. लावणीचे दिवस या कामाचे नव्हेत. गौरी-गणपतीस चाकरमानी गावी येतात आणि घर माणसांनी भरते, तेव्हा हौस सर्वाधिक, पण हवा अजून ओलीच असते. म्हणून त्या वेळी दोनच रंगांची, एकाच छाप्याची, साधी नक्षी करावी. दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा काळ मात्र उत्कृष्ट. हवा कोरडी, भाताची कापणी उरकलेली, आणि पुढे लग्नसराई. गुंतागुंतीची कामे याच महिन्यांसाठी राखून ठेवावीत.

गौरींचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कोकणात अनेक घरी गौर बसते ती तेरड्याच्या रोपांची. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ अशी आपल्याकडे म्हण पडली आहे; पण या तेरड्यात, मेंदीत असणारे लॉसोन नावाचे रंगद्रव्य सापडते, आणि कोरियात तेरड्याची फुले तुरटीसह वाटून, ती नखांवर बांधून, नखे रंगविण्याची जुनी रीत आहे. लॉसोन हे नेलपॉलिशप्रमाणे नखावर नुसते बसत नाही. ते केराटिनशी जोडले जाते. कातडीवरची मेंदी कातडीचे वरचे थर झडतात तसतशी काही आठवड्यांत विटते, परंतु नखावरची मेंदी नख वाढून कापले जाईपर्यंत जात नाही. तेव्हा ज्या फुलाचा रंग म्हणीत तीन दिवसांचा, त्याचाच रंग नखावर काही महिने टिकतो. कामाने ज्यांचे हात सदा पाण्यात असतात त्यांनी मेंदीचा घट्ट लगदा चिकट छाप्याच्या मोकळ्या जागेत भरून काही तास ठेवून पाहावा. कड थोडी मऊ उमटते, पण धुण्याभांड्याने ती नक्षी जात नाही. बाजारात ‘काळी मेंदी’ म्हणून जे मिळते ते मात्र टाळावे, कारण तिच्यात पुष्कळदा केस काळे करण्याचे एक रसायन मिसळलेले असते आणि त्याने कातडीवर फोड येऊ शकतात.

साहित्याची तजवीज

या कामास लागणारे जिन्नस बहुतेक घरातच असतात. दोन रंगांचे नेलपॉलिश, त्यांतला एक फिका व एक गडद, एक पारदर्शक नेलपॉलिश, जे आधी पाया म्हणून आणि शेवटी आवरण म्हणून चालते, रिमूव्हर व कापूस, भांडी घासण्याच्या नव्या स्पंजचा नखाएवढा तुकडा, चिमटा, आणि छाप्यासाठी सेलोटेप किंवा कागदी चिकटपट्टी. सेलोटेप आधी स्टीलच्या ताटावर चिकटवून त्यावर कापावी, म्हणजे आकार नेमका निघतो. मग ती एकदोनदा मनगटावर लावून काढावी, म्हणजे तिचा चिकटपणा कमी होऊन ती नखावरचा पायाचा रंग उचकटत नाही.

शिवणकामाची दातेरी कात्री असेल तर तिने कापलेल्या पट्टीची कड म्हणजे पैठणीच्या नारळी काठासारखी त्रिकोणांची रांग होय. कागदास भोके पाडण्याच्या पंचाने पट्टीत भोक पाडले की पाचसहा मिलिमीटरचे वर्तुळ तयार होते. आणि कपाळाची टिकली हा तर सिद्ध उलटा छापाच आहे: ती पायाच्या रंगावर चिकटवावी, वरून दुसरा रंग द्यावा आणि उचलावी, म्हणजे खालच्या रंगाचा गोल ठिपका राहतो. पंचाचे भोक नखावर बसवून, त्या भोकात एका अंगास सरकवून त्याहून थोडी लहान टिकली लावली आणि उरलेल्या जागेत रंग दिला, तर चंद्रकोर उमटते. ज्या बंदिस्त तुकड्याने पत्र्याचे छापे अडत, तो येथे टिकलीच्या रूपाने निराळा चिकटतो तो असा.

कृती

प्रथम नखे कापून कानशीने एकसारखी करावीत, पण पाण्यात भिजवू नयेत. भिजल्यास पूर्ण वाळू द्यावीत. खोबरेल तेलाचा अंश राहिला असल्यास रंग धरत नाही, सबब रिमूव्हरच्या बोळ्याने प्रत्येक नख एकदा पुसून घ्यावे. नंतर पारदर्शक पाया द्यावा. गडद रंगाने नखे पिवळी पडतात ती या पायाने बरीच वाचतात. त्यावर फिक्या रंगाचे दोन पातळ थर, मध्ये अंतर ठेवून, द्यावेत.

यापुढची पायरी थांबण्याची आहे, आणि बहुतेकांचे काम येथेच बिघडते. नेलपॉलिश काही मिनिटांत हाताला कोरडे लागते, परंतु थराच्या पोटातला द्रावक उडून तो कठीण व्हावयास कित्येक तास जातात. त्या आधी छापा चिकटविला तर उचलताना तो खालचा रंग घेऊन येतो. म्हणून पायाचा रंग आदल्या रात्री लावावा आणि नक्षी दुसऱ्या दिवशी करावी. पावसाळ्यात तर हा नियम मोडूच नये.

छापा बसविल्यावर काडीच्या बोथट टोकाने त्याची प्रत्येक कड दाबून घ्यावी. येथे एक उपयुक्त युक्ती आहे: गडद रंगाआधी छाप्याच्या कडेवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक अत्यंत पातळ हात द्यावा. फटींत जे काही शिरावयाचे ते हे पारदर्शक द्रव्यच शिरते आणि फटी बुजतात. मग गडद रंगाला आत जावयास वाट राहत नाही. हा हात वाळला की स्पंजच्या तुकड्यावर थोडासा गडद रंग घ्यावा, पहिला ओला डाग कागदावर टिपून टाकावा, आणि स्पंज सरळ वरून टेकवीत रंग द्यावा. घासू नये, आणि त्याच जागी पुनःपुन्हा जाऊ नये.

रंग दिल्यावर मात्र थांबावयाचे नाही. रंग ओला असतानाच छापा चिमट्याने धरून, नखाला जवळजवळ समांतर ठेवून, सावकाश मागे ओढावा. रंग छाप्यावर वाळू दिला तर छाप्यावरचा व नखावरचा थर एकजीव होतो, आणि उचलताना तो कडेवर फाटतो. छापा बसविण्यापूर्वी संयम आणि रंग दिल्यावर तत्परता, असा हा क्रम आहे. तो उलटा झाला की हात कितीही कुशल असला तरी नक्षी वाचत नाही. एका वेळी एकच नख पुरे करावे. शेवटचे पारदर्शक आवरण नक्षी चांगली वाळल्यावर, भरल्या ब्रशाने, एका ओघात द्यावे, म्हणजे रंग ओघळत नाहीत.

काही पथ्ये

नेलपॉलिश आणि रिमूव्हर दोन्ही ज्वालाग्राही आहेत. चुलीजवळ, देवघरातल्या समईपाशी किंवा उदबत्तीजवळ त्यांचे काम करू नये, आणि दारेखिडक्या उघड्या ठेवाव्यात. नखाच्या मुळाशी असणारी कातडी कापू नये, कारण जंतूंना आत शिरण्याची वाट तिनेच बंद ठेवलेली असते. घरे व दारे रंगविण्याचे रंग नखास लावू नयेत. शस्त्रक्रियेपूर्वी नखांचा रंग काढावयास सांगतात तेही अकारण नव्हे: रक्तातील प्राणवायू मोजणारे उपकरण बोटाच्या टोकातून प्रकाश सोडून मापन करते, आणि गडद रंगाने त्या मापनात चूक येऊ शकते, शिवाय नखाचा फिकटपणा वा निळसरपणा वैद्याला पुष्कळ काही सांगत असतो.

आपला छापा आपण कापावा

छाप्याने केलेली कला ही दुय्यम, कारण आकार आयता मिळतो, असा एक आक्षेप ऐकू येतो. त्याचा मी आदरपूर्वक पण ठामपणे इन्कार करतो. वर्षानुवर्षे रोज अंगणात रांगोळी घालून जिच्या बोटांत रेघ बसली आहे, तिचे कौशल्य निःसंशय थोर. परंतु ज्यांना ते बालपणी लाभले नाही, किंवा ज्यांची बोटे वयाने थरथरतात, त्यांनी सौंदर्यनिर्मितीपासून वंचित राहावे असे कोणत्याच शास्त्रात सांगितलेले नाही. उजव्या हाताची नखे डाव्या हाताने रंगवावी लागतात, आणि त्या क्षणी प्रत्येक जण नवशिकाच असतो. छापा त्या डाव्या हातास उजव्याच्या बरोबरीला आणतो.

आक्षेपात तथ्य आहे ते एवढेच की दुसऱ्याने कापलेला आकार वापरणे ही या विद्येची केवळ पहिली इयत्ता आहे. बाजारच्या छाप्यांवर तारे, बदाम आणि परदेशी फुले असतात, आणि मुंबईच्या नखावर जे उमटते तेच दासगावच्या नखावर उमटते. पण ज्या मुलीला छापा का चिकटवावा, केव्हा थांबावे आणि केव्हा उचलावा हे एकदा समजले, तिला पट्टीत भाताची लोंबी कापता येईल, तेरड्याचे दातेरी पान कापता येईल, आजीच्या लुगड्याचा काठ कापता येईल. आणि असा काठ तिने स्वतः कापला, म्हणजे कोणता भाग ठेवावा व कोणता काढावा याचा निवाडा तिने स्वतः केला, आणि चित्रकाराचे मुख्य काम याहून निराळे नाही. या छंदास खर्च अल्प आहे, जागा ताटाएवढी पुरते, आणि चुकलेले काम रिमूव्हरच्या एका बोळ्याने पुसता येते. जिथे चुकण्याची किंमत इतकी कमी आहे, तेथे शिकण्याचे धाडस अवश्य करावे, आणि तयार छाप्यांचे पाकीट संपले की नवे विकत आणण्याऐवजी कात्री हाती घ्यावी.